टॉवर कोणाच्या रानात आणि संमती कोणाची? नवा दूरसंचार कायदा आणि आपल्या हातातली जमीन

गावात मोबाईलचा टॉवर येणार अशी चर्चा सुरू झाली की दोन गट पडतात. एका गटाला भाडे दिसते, दुसऱ्याला रेडिएशन. या गोंधळात मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. तो असा: एका खासगी कंपनीला दुसऱ्याच्या जमिनीत शिरण्याचा, चर खणण्याचा, केबल टाकण्याचा किंवा टॉवर उभा करण्याचा अधिकार नेमका किती? जमीनवाला "नाही" म्हणाला तर काय होते? आणि जो जमीन कसतो, पण कागदावर ज्याचे नाव नाही, त्याला कोणी विचारते का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आता नव्या कायद्यात शोधावी लागतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ हा कायदा डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला. त्या वेळी शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते, त्यामुळे संपूर्ण देशाच्या संपर्कव्यवस्थेचा हा कायदा पुरेशा चर्चेविना पार पडला. जमिनीशी संबंधित कलमे २६ जून २०२४ पासून लागू झाली. त्याखालील मार्गाधिकाराचे नियम, म्हणजे राइट ऑफ वे रूल्स, १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले. आपल्या समाजातील तरुणांनी हा विषय वकिलांवर सोडून देण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे जमीन थोडी आणि कागद त्याहून थोडे, त्यांनाच अशा कायद्याची झळ आधी लागते.

जुना कायदा: मालकाला विचारण्याची गरजच नव्हती

आधीचा कायदा ब्रिटिशांचा, १८८५ चा भारतीय तार अधिनियम. त्याच्या कलम १० नुसार तार प्राधिकरणाला कोणत्याही स्थावर मालमत्तेच्या वरून, खालून किंवा आडवी तार नेता येई आणि खांब रोवता येत. खासगी मालकाची संमती ही अट त्यात नव्हती. मर्यादा होत्या त्या अशा: सरकारला फक्त वापराचा हक्क मिळेल, मालकी मिळणार नाही. नुकसान कमीत कमी करायचे. झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची. मालकाने अडवले तर कलम १६ खाली जिल्हादंडाधिकारी काम करू देण्याचा आदेश देऊ शकत. भरपाईवरून वाद झाला तर जिल्हा न्यायाधीशाकडे जायचे.

ही रचना सरकारी तारेसाठी होती. तार खाते सरकारचे आणि संदेश सरकारचा, तेव्हा साम्राज्याला रयतेची संमती कशाला हवी, असा तो विचार. परवानाधारक कंपनीलाही हे अधिकार बहाल करण्याची सोय त्याच कायद्यात होती. तरी प्रत्यक्षात मोबाईल टॉवर बहुतेक ठिकाणी भाडेकराराने उभे राहिले, कारण मालकाला भाडे देणे कंपनीला कोर्टकचेरीपेक्षा सोपे होते.

नवा कायदा: आधी अर्ज, मग करार

२०२३ च्या कायद्याने सार्वजनिक मालमत्ता आणि इतर मालमत्ता असे दोन भाग केले. खासगी जमीन किंवा इमारत कलम १२ मध्ये येते. तिथे कंपनीने संबंधित व्यक्तीकडे अर्ज करायचा, दोघांनी मोबदला ठरवायचा आणि करार करायचा. काम झाल्यावर जागा पूर्वीसारखी करून द्यायची, नाही तर नुकसानीची भरपाई द्यायची. जमीनवाल्याशी करार हा आता कायद्यातला पहिला टप्पा झाला आहे. १८८५ च्या तुलनेत ही सुधारणा आहे, हे मान्य केले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, कायद्यात "सुविधा पुरवठादार" या शब्दात कंपनीबरोबर तिचा कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि एजंटही येतो. म्हणजे रात्री जेसीबी घेऊन आलेला माणूस "मी फक्त ठेकेदार आहे" म्हणून सुटत नाही. आणि कंपनीही "ते ठेकेदाराने केले" म्हणून हात झटकू शकत नाही. दुसरी, कलम १४ प्रमाणे टॉवर किंवा केबल टाकल्याने कंपनीला त्या जमिनीत कसलीही मालकी किंवा हितसंबंध मिळत नाही. मिळतो तो फक्त ठरलेला वापर. वीस वर्षे टॉवर उभा असला तरी जमीन तुमचीच राहते.

पण याच कलम १४ ची दुसरी बाजूही आहे. टॉवर हा त्या जमिनीचा भाग मानला जाणार नाही, मालमत्ता कराच्या हिशेबातही नाही. याचा अर्थ काय ते पुढे पाहू.

"सार्वजनिक हित" नावाची मागची खिडकी

करार पहिला टप्पा असला तरी तो शेवटचा नाही. जमीनवाल्याने मार्गाधिकार दिला नाही आणि केंद्र सरकारला वाटले की सार्वजनिक हितासाठी तो आवश्यक आहे, तर केंद्र सरकार स्वतः किंवा नेमलेल्या प्राधिकरणामार्फत तो हक्क संपादित करून कंपनीला देऊ शकते. कलम १२ मध्येच ही तरतूद आहे. वाद झाला तर तो जिल्हादंडाधिकारी किंवा सरकारने नेमलेले प्राधिकरण सोडवणार आणि भरपाईचा वाद जिल्हा न्यायाधीशाकडे जाणार. ही वाट १८८५ चीच आहे.

"सार्वजनिक हित" म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. गावात एकही नेटवर्क नाही म्हणून टॉवर लागतो, हे सार्वजनिक हित समजू शकते. पण गावात दोन कंपन्यांचे नेटवर्क आहे आणि तिसरीला धंदा वाढवायचा आहे, हेही सार्वजनिक हित का? पर्यायी जागा उपलब्ध असताना, ज्याच्या मागे कोणी उभे राहत नाही त्याचीच जागा सोपी म्हणून निवडली, तर त्यालाही सार्वजनिक हितच म्हणायचे का? उत्तर अधिकाऱ्याच्या टेबलावर ठरणार आहे. अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो आणि कोणाचा नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

इथे आणखी एक पेच आहे. सरकार जेव्हा पूर्ण जमीन संपादित करते तेव्हा २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. त्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आहे, पुनर्वसन आहे. मार्गाधिकारात मालकी घेतली जात नाही, घेतला जातो फक्त वापराचा हक्क. त्यामुळे ते संरक्षण आपोआप मिळत नाही. ज्याच्याकडे चाळीस एकर आहे त्याला दोन गुंठ्यांचा वापर गेल्याने फरक पडत नाही. ज्याच्याकडे वीसच गुंठे आहेत, त्याच्या रानाच्या मधोमध टॉवर आणि त्याकडे जाणारा रस्ता आला, तर मालकी कागदावर राहते आणि शेती संपते.

मग आधार कशाचा? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००अ चा. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला, पण घटनात्मक हक्क म्हणून तो राहिला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमलकुमार शाह या निकालात या अनुच्छेदात सात गोष्टी अंतर्भूत असल्याचे सांगितले: नोटीस मिळण्याचा हक्क, म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क, कारणांसह निर्णय मिळण्याचा हक्क, संपादन फक्त सार्वजनिक प्रयोजनासाठीच करण्याचे सरकारवरील बंधन, योग्य भरपाई, विलंब न लावता कार्यक्षमतेने होणारी प्रक्रिया आणि प्रक्रिया पूर्णत्वास नेणे.

तो खटला टॉवरचा नव्हता. पण तत्त्व तेच लागते. "सार्वजनिक हित" असा शिक्का मारून कलम १२ चा दरवाजा कोणी ठोठावला, तर कार्यकर्त्याच्या हातात हे सात प्रश्न हवेत. नोटीस कुठे आहे? सुनावणी कधी झाली? हीच जागा का, याचे लेखी कारण काय? हे प्रश्न सुनावणीच्या वेळीच लेखी नोंदवले, तर पुढे उच्च न्यायालयात त्यांचा उपयोग होतो. नंतर आठवून उपयोग नसतो.

विजेचा टॉवर वेगळा, मोबाईलचा वेगळा

आपल्याकडे दोन्ही टॉवरची सरमिसळ होते आणि त्यात शेतकरी फसतो. उच्चदाब वीजवाहिनीच्या टॉवरला वेगळा कायदा आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम १६४ खाली सरकार पारेषण कंपनीला १८८५ च्या तार प्राधिकरणाचे अधिकार देऊ शकते. ते दिले असतील तर जमीनमालकाची संमती लागत नाही. पॉवर ग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्सटाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये हेच सांगितले. तिथे हरकत घेणारी कंपनी मोठ्या उद्योगसमूहाची होती. तिचीही हरकत टिकली नाही.

म्हणून विजेच्या टॉवरच्या बाबतीत लढाई मुख्यतः भरपाईची आहे आणि तिथे आधार आहे. केरळ राज्य वीज मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भरपाई ठरवताना जमीन कुठे आहे, तार कुठून जाते, तिच्यामुळे किती जमीन निकामी होते, हे सारे पाहावे लागेल. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या. टॉवरच्या पायाखालील जमिनीसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालील पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई त्यात सुचवली आहे. २०१५ च्या सूचनांत हे प्रमाण अनुक्रमे ८५ आणि कमाल १५ टक्के होते.

मोबाईल टॉवर आणि केबलची गोष्ट उलट आहे. तिथे भरपाईचा ठरावीक दर या कायद्याने लिहिलेला नाही, पण आधी करार लागतो. पारेषण कंपनीचा माणूस "संमती लागत नाही" म्हणाला तर त्याच्याकडे कलम १६४ खालील आदेश मागा. मोबाईल कंपनीचा माणूस तेच वाक्य म्हणाला तर ते खोटे आहे, हे लक्षात ठेवा. केंद्राच्या लेखी निर्णयाशिवाय त्याला तुमच्या रानात खड्डा खणता येत नाही.

कायदा कोणाला विचारतो?

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कलम १२ संमती मागते ती ज्याच्याकडे कायद्याने मालमत्ता आहे त्याच्याकडे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती २०११ च्या जनगणनेप्रमाणे १६.६ टक्के आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे त्यांच्या हाती कसण्याखालील क्षेत्र सुमारे ९ टक्के आहे. जे कसतात त्यांतही कित्येकांचे नाव सातबारावर नाही.

गायरान घ्या. मराठवाड्यात आणि इतरत्र हजारो भूमिहीन कुटुंबांनी पडीक गायरान फोडून शेती केली. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी हा प्रश्न देशापुढे मांडला. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. पण कित्येकांची प्रकरणे अजून धूळ खात आहेत. अशी जमीन कागदावर सरकारची आहे. म्हणजे टॉवरसाठी ती "सार्वजनिक मालमत्ता" ठरते. परवानगी संबंधित सरकारी यंत्रणा देणार, तीही मुदतीत, आणि मुदतीत उत्तर दिले नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची सोय नियमांत आहे. तीस वर्षे ती जमीन कसणाऱ्या कुटुंबाला या साऱ्या व्यवहारात कोणी विचारणार नाही.

२०११ च्या जगपाल सिंग निकालापासून गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा रेटा वाढला. त्या निकालात एक अपवाद आहे, तो कार्यकर्त्यांना तोंडपाठ हवा: सरकारी अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जिथे जमीन दिली आहे, तिथे नियमितीकरण होऊ शकते. गायरान कसणाऱ्याच्या हाती गाव नमुना १-ई मधील नोंद, जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे असतील तर किमान हरकत तरी घेता येते. हातात काहीच नसेल तर टॉवर आल्याचे खड्डा पडल्यावर कळते.

वतन जमिनीचा प्रश्न याहून वेगळा आहे. महार वतनाच्या गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि जमिनी वतनदारांना परत दिल्या गेल्या, पण अटींवर. त्यांचे हस्तांतरण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही. अशी भोगवटादार वर्ग २ ची जमीन टॉवरसाठी परस्पर भाड्याने दिली तर शर्तभंगाचा ठपका येऊ शकतो. कंपनी वेगळी जागा शोधेल, पण जमीन सरकारजमा होण्याचा धोका आपल्या कुटुंबावर येईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. वतन जमिनीच्या कागदांकडे कोणाकोणाचे लक्ष असते हे त्यातून दिसले. टॉवरचा करार हा लहान व्यवहार वाटतो, पण कागद त्याच जमिनीचा असतो. म्हणून आधी परवानगी, मग करार.

आदिवासी भागातील आपल्या मित्रसंघटनांसाठी एक नोंद. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे दूरसंचार वाहिनीसारख्या सार्वजनिक सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, पण त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. ती ग्रामसभा खरोखर झाली का, हे तपासायला हवे.

विहार, वस्ती आणि इमारतीची गच्ची

शहरात जमिनीऐवजी गच्ची असते. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर लावायचा तर तो निर्णय सर्वसाधारण सभेचा, अध्यक्ष-सचिवांचा नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत आपले लोक मोठ्या संख्येने राहतात. तिथे विकासक किंवा दोन-चार पदाधिकारी परस्पर सही करतात आणि भाडे कुठे जाते याचा पत्ता लागत नाही. ठरावाची प्रत आणि भाड्याचा हिशेब मागणे हा प्रत्येक सभासदाचा हक्क आहे.

विहारांबाबत तर कायदा स्पष्ट आहे. बहुतेक विहार नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर भाडेपट्टा वैध ठरत नाही. टॉवरचे करार सहसा लांब मुदतीचे असतात. विहाराला उत्पन्न हवे हे खरे, पण ते विश्वस्तांच्या खासगी समजुतीने येऊ नये. परवानगी आणि जाहीर हिशेब, या दोन्ही गोष्टी पूर्ण झाल्यावरच सही व्हावी.

भाडेकरूंची आणि शेजाऱ्यांची बाजू कायद्यात कमकुवत आहे. १८८५ च्या कायद्याखालील नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि खासगी मालमत्तेवर टॉवर उभारताना स्थानिक प्रशासनाच्या परवानगीची अट काढली गेली. संरचना अभियंत्याच्या प्रमाणपत्रासह पूर्वसूचना दिली की पुरे, असे झाले. वाटचाल कोणत्या दिशेने आहे हे त्यातून कळते. मालकाचा होकार एकदा मिळवला की बाकीच्यांचे फारसे ऐकायचे नाही.

रेडिएशनच्या मुद्द्यावर लढाई का हरते?

टॉवरविरोधी बहुतेक आंदोलने रेडिएशनवर उभी राहतात आणि न्यायालयात अडतात. सांगली जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीने टॉवर थांबवण्याचा ठराव केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो रद्द केला, कारण आरोग्याला धोका असल्याचा शास्त्रीय आधार समोर आला नाही. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि ती १ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. ती पाळली जाते का, हे मोजून मागता येते आणि मागावे. पण भीतीवर आधारलेला ठराव टिकत नाही.

बुद्धाच्या विचारात भयापेक्षा पुराव्याला मान आहे. न्यायालयातही तेच चालते. टॉवर कोणाच्या जागेत, कोणाच्या सहीने, कोणत्या परवानगीने आला, इमारत तो भार पेलते का, सभेचा ठराव झाला का, हे प्रश्न पुराव्याचे आहेत. त्यांना कंपनीला कागद दाखवून उत्तर द्यावे लागते.

गावाचा महसूलही पणाला

कलम १४ मधील कराची तरतूद गावपातळीवर फारशी कोणी वाचलेली दिसत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अहमदाबाद महानगरपालिका विरुद्ध जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोबाईल टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला होता. नवा कायदा म्हणतो की दूरसंचार जाळे हा मालमत्ता कराच्या दृष्टीनेही त्या जमिनीचा भाग नाही. जमीन आणि इमारतींवरील कर हा राज्यसूचीतील विषय, त्यामुळे या दोहोंचा मेळ कसा घालायचा हा घटनात्मक प्रश्न आहे. पण कंपन्या या तरतुदीकडे बोट दाखवणार हे उघड आहे. ग्रामपंचायतीचे उत्पन्न घटले की आधी कात्री लागते ती वस्तीच्या दिवाबत्तीला आणि गटारीला. सरपंच, सदस्य म्हणून निवडून आलेल्या आपल्या तरुणांनी हा विषय मासिक सभेत आणला पाहिजे.

मग आपल्याला टॉवर नकोत का?

टॉवर हवेत. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन, रेशनचा अंगठा नेटवर्कवर. गावाला नेटवर्क आहे आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत मोबाईल झाडावर टांगावा लागतो, हेही जातीचे अंतरच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात इंटरनेटवरून होणाऱ्या अभिव्यक्तीला अनुच्छेद १९ चे संरक्षण दिले. जाळे आपल्यापर्यंत यावे ही आपलीच मागणी आहे.

आणि आपण खासगी मालमत्तेचे पुजारीही नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये "स्टेट्स अँड मायनॉरिटीज" मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याने ताब्यात घ्यावी आणि जात-धर्माचा भेद न करता कसायला द्यावी, असा आराखडा मांडला. सार्वजनिक हितासाठी खासगी मालकी बाजूला सारण्याला त्यांचा विरोध नव्हता. पण त्या आराखड्यात मूलभूत उद्योगही राज्याचेच होते आणि घेतलेल्या जमिनीचा मोबदला ठरलेला होता. आज चित्र वेगळे आहे. हुकूम राज्याचा आणि नफा कंपनीचा. सार्वजनिक हिताच्या नावाने राज्य आपली ताकद खासगी कंपनीला उसनी देते, तेव्हा त्या हिताची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल होऊ नये, एवढीच आपली मागणी. बाबासाहेबांच्या विचाराशी ती सुसंगत आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिले काम कागदांचे. आपल्या गावातील किंवा वॉर्डातील गायरान, वतन, इनाम आणि विहाराच्या जमिनींची यादी करा. सातबारा, फेरफार, १-ई ची नोंद, शर्तीचा आदेश, न्यासाचे परिशिष्ट, सारे एका फाईलमध्ये ठेवा. टॉवरचा प्रस्ताव आल्यावर ही धावपळ सुरू केली तर उशीर झालेला असतो.

दुसरे, कोऱ्या कागदावर किंवा न वाचता सही नको. मुदत किती, भाडेवाढ केव्हा, करार मोडण्याचा अधिकार दोघांना की फक्त कंपनीला, रस्ता किती फुटांचा, टॉवर काढल्यावर पाया कोण उखडणार, कंपनी विकली गेली तर भाडे कोण देणार, हे मराठीत लिहून घ्या आणि करार नोंदणीकृत करा. "टॉवर मंजूर झाला, आधी पैसे भरा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजा. दूरसंचार नियामक ट्राय अशा कामासाठी ना-हरकत प्रमाणपत्र देत नाही, हे ट्रायने वारंवार जाहीर केले आहे.

तिसरे, करार नसताना काम सुरू झाले तर केबल तोडू नका. नेटवर्कचे नुकसान करणाऱ्याला नव्या कायद्यात जबर दंड आहे. फोटो, तारीख, वाहनाचा क्रमांक आणि पंचनामा घ्या. तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या आणि तिची पोच ठेवा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या जमिनीच्या उपभोगात बेकायदा अडथळा आणणे किंवा पीक उद्ध्वस्त करणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ खाली गुन्हा ठरू शकतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाल्याने हे संरक्षण जातप्रमाणपत्र असलेल्या बौद्ध कुटुंबांनाही आहे. मात्र पुरावा पक्का असेल तेव्हाच हे कलम वापरा. कच्च्या तक्रारीने कायदाच बदनाम केला जातो.

चौथे, वकिलाच्या फीसाठी अडून राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच हे कार्यालय असते.

पाचवे काम राजकीय. "सार्वजनिक हित" म्हणजे काय याची स्पष्ट व्याख्या, कसणाऱ्यालाही नोटीस, अल्पभूधारकाच्या जमिनीला शेवटचा पर्याय ठरवणारा नियम आणि विजेच्या टॉवरसारखा भरपाईचा किमान दर, या चार मागण्या खासदारांपर्यंत आणि दूरसंचार विभागापर्यंत लेखी गेल्या पाहिजेत. नियम केंद्र सरकार करते आणि ते संसदेपुढे ठेवावे लागतात. म्हणजे बदल मागायला जागा आहे.

१८८५ च्या कायद्यात रयतेला "नाही" म्हणण्याचा हक्क नव्हता. २०२३ च्या कायद्याने तो अर्धा दिला आहे, तोही ज्याचे नाव कागदावर आहे त्याला. उरलेला अर्धा मिळवणे आणि ज्यांचे नाव कागदावर नाही त्यांचे नाव तिथे लावणे, ही दोन्ही कामे एकाच चळवळीची आहेत. येत्या ग्रामसभेत सुरुवात १-ई च्या नोंदी मागण्यापासून करता येईल.

जय भीम.